जुन्या किटमधला सेंच्युरियन: काय ठेवावे आणि काय बदलावे

पंचवटीतील जुन्या घराचा माळा आवरताना आपल्याला तामिया या जपानी कंपनीचे १/३५ प्रमाणातील सेंच्युरियन मार्क ३ (तिसरी आवृत्ती) या ब्रिटिश रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलचे किट सापडले आहे. आपल्या काकांनी ते सत्तरच्या दशकात परदेशातून आणले होते. सांगाड्याचा तळ आणि काही चाके त्यांनी तेव्हाच चिकटवलेली आहेत, डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणा) पिवळी पडली आहेत, चाकांवरचे पट्टे कडक झाले आहेत, सिमेंटची (प्लॅस्टिक जोडायच्या द्रवाची) ट्यूब वाळून गेली आहे आणि सूचनापत्राला कसर लागली आहे. हे किट जोडावे की तसेच ठेवून नवे घ्यावे, आणि जोडल्यास त्यातून पूना हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचा रणगाडा करता येईल का, असे आपण विचारले आहे. आपण पाठवलेली छायाचित्रे नीट पाहिली. किट निश्चित जोडण्याजोगे आहे. पूना हॉर्सचा रणगाडाही होईल, मात्र तसे करण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतील आणि त्यांबद्दल पुढे लिहिले आहे.

जुन्या किटबाबत एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. त्यातले प्लॅस्टिक सहसा म्हातारे होत नाही, म्हातारे होते ते त्याच्या सोबतचे सामान. किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि ऊन न लागता खोक्यात राहिलेले पॉलिस्टायरीन पन्नास वर्षांनीही तितकेच चांगले कापता, घासता आणि जोडता येते. बिघडतात ते पट्टे, डिकॅल आणि सिमेंट. म्हणून बिघडलेले तेवढे बदलावे, बाकीचे आहे तसे स्वीकारावे आणि वाचलेली सगळी मेहनत सांधे, पृष्ठभाग आणि रंग यांवर घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने किट आजच्या किटच्या तोडीचे करण्याच्या नादात अनेक जण प्रत्येक बिजागरी आणि प्रत्येक कडी नव्याने करायला घेतात, आणि मग ते मॉडेल वर्षानुवर्षे टेबलावर अर्धवट पडून राहते. काकांनी सुरू केलेले काम पूर्ण व्हावे ही आपली इच्छा आपल्या पत्रातून दिसते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत आधी, आजच, पट्टे बाकीच्या भागांपासून वेगळे करा. हे पट्टे व्हाइनिलचे, म्हणजे मऊ केलेल्या पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्याला लवचीकपणा यावा म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते. हे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपत राहते. त्यामुळे एकीकडे पट्टा कडक होऊन तडकतो आणि दुसरीकडे झिरपलेले द्रव्य शेजारच्या पॉलिस्टायरीनला मऊ करून खाते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात एका चाकाच्या कडेवर पट्ट्याच्या कड्यांचे ठसे उमटलेले दिसतात, ते याच कारणाने. ते चाक टाकून देण्याची गरज नाही. ठसा उमटलेली बाजू आतल्या रांगेत लावली की दिसणार नाही. पट्टे पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावेत, कारण पॉलिथिनवर या द्रव्याचा परिणाम होत नाही.

पट्टे वापरण्याजोगे आहेत का, हे पाहण्यासाठी ते कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवून जाड पेनाभोवती हलकेच वळवून बघा. कड्यांच्या मधल्या बारीक जागी पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्यांचा मोह सोडावा. पट्टे शाबूत निघाले तरी व्हाइनिल प्लॅस्टिकच्या सिमेंटने चिकटत नाही. टोके एकमेकांवर बसवून तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबावी लागतात, किंवा मजबूत दोऱ्याने शिवून तो टाका बाजूच्या पत्र्यामागे येईल असे बघावे लागते. माझी शिफारस मात्र एकेक कडी जोडायच्या कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्याची आहे. सेंच्युरियनसाठी असे संच वेगळे विकत मिळतात. त्यांना खर्च येतो, पण मॉडेल पूर्ण झाल्यानंतर पुन्हा काही वर्षांनी पट्टा चाकांना खाईल ही भीती उरत नाही. बाजूचे पत्रे लावणार असाल तर वरची धाव जवळजवळ पूर्ण झाकली जाते, त्यामुळे खालची धाव आणि पुढची-मागची वळणे एवढ्याच कड्या जोडल्या तरी भागते. या एका खर्चात हात आखडता घेऊ नये, बाकी बहुतेक ठिकाणी घेतला तरी चालेल.

आता काकांनी चिकटवलेल्या तळाकडे येऊ. त्या काळचे ट्यूबमधले सिमेंट घट्ट असे आणि जास्त लावले जात असे, म्हणून सांधे वाकडे बसलेले दिसतात. असे जुने सांधे बऱ्याचदा सुटतात. चिकटवलेला भाग पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर सांध्यात पातळ ब्लेड सरकवून हलका पीळ द्या. थंडीने जुना सांधा ठिसूळ होतो आणि अनेकदा स्वच्छ तुटतो. जो सांधा सुटत नाही त्याच्याशी झगडू नये, तो मूळ प्लॅस्टिकशी एकजीव झालेला असतो. अशा ठिकाणी घासून, लांबी (पुट्टी) भरून सरळ करणे जास्त शहाणपणाचे.

माळ्यावर पत्र्याचे छप्पर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. एप्रिल-मे महिन्यांत तेथील उष्णतेने लांब आणि पातळ भाग पिळवटतात. बाजूचे पत्रे आणि सांगाड्याच्या वरच्या भागाच्या कडा सपाट काचेवर ठेवून बघा. काचेच्या दुकानातून जाड काचेचा एक तुकडा कडा घासून आणावा, पुढे चाके बसवतानाही तो लागेलच. वाकलेला भाग गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात थोडा वेळ धरून हाताने सरळ करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा. एका फटक्यात सरळ होईल अशी अपेक्षा ठेवू नये, थोडे थोडे करत जावे. यानंतर सगळे भाग भांड्यांच्या साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन वाळवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश आणि इतक्या वर्षांची धूळ गेल्याशिवाय रंग नीट धरत नाही.

तळाला जी भोके आणि खाचा दिसतात त्यांनी आपण गोंधळला आहात. त्या मोटार, बटण आणि बॅटऱ्यांसाठी आहेत. १/३५ हे प्रमाणसुद्धा तेथूनच आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने पँथर रणगाड्याचे किट केले, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरवला गेला आणि तो मोजल्यावर प्रमाण सुमारे १/३५ निघाले. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. त्या पिढीची कित्येक किट चालणारी खेळणी म्हणूनही विकली जात, आणि तळावरच्या या खुणा त्याच काळातल्या. त्या बुजवायच्या असतील तर स्प्रूवर, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, क्रमांक लिहिलेले जे चपटे तुकडे असतात तेच कापून, घासून ठिगळासारखे आतून लावावेत. ते किटच्याच प्लॅस्टिकचे असल्याने सिमेंटने पूर्ण एकजीव होतात. पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणारा सनबोर्ड या कामाला घेऊ नका, तो फोम पीव्हीसी असतो आणि पॉलिस्टायरीनच्या सिमेंटने नीट जुळत नाही. एक भोक मात्र मुद्दाम ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला छोटा नट अॅराल्डाइटने बसवला की पुढे मॉडेल लाकडी पाटावर खालून स्क्रूने पक्के करता येते.

पट्ट्यांच्या वर, सांगाड्याच्या बाहेर आलेल्या भागाला जुन्या किटमध्ये बहुधा तळ नसतो. वरून पाहताना हे कळत नाही, पण मागून पाहिले तर बाजूच्या पत्र्याआडून उजेड आरपार दिसतो आणि सगळा रणगाडा पोकळ वाटू लागतो. प्लॅस्टिक शीटच्या दोन पट्ट्या कापून ही जागा बंद करावी. काम अर्ध्या तासाचे आहे आणि त्याने पडणारा फरक कोणत्याही महागड्या सुट्या भागापेक्षा मोठा आहे.

आकार बरोबर आहे का, ही शंका जुन्या किटबाबत रास्त असते. खऱ्या सेंच्युरियनच्या सांगाड्याची लांबी सुमारे ७.६ मीटर आणि बाजूच्या पत्र्यांसह रुंदी सुमारे ३.३८ मीटर होती. ३५ ने भागल्यावर अनुक्रमे सुमारे २१७ आणि ९७ मिलिमीटर येतात. व्हर्निअर लावून स्वतः मोजून बघा. एक-दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर तो सोडून द्यावा. डोळ्याला खटकते ते मोजमाप नसते, वाकडे चाक, दिसणारा सांधा आणि चपटी नळी या गोष्टी खटकतात.

हत्यारांसाठी नाशिकबाहेर फारसे जावे लागत नाही. सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्यांकडे बारीक कानशी, पिन-व्हाइस (बोटांनी फिरवायचे छोटे ड्रिल), चिमटे आणि बारीक करवत मिळते, आणि ही हत्यारे छंदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हत्यारांपेक्षा बहुधा जास्त टिकाऊ असतात. ४००, ६०० आणि १००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. स्प्रू कटर आणि पातळ द्रव सिमेंट मात्र मागवावे लागेल. वाळलेली ट्यूब जिवंत करण्याच्या फंदात पडू नका. पातळ सिमेंट वापरण्याची पद्धतही वेगळी आहे. दोन्ही भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि सिमेंटचा ब्रश फटीला नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, कडा विरघळवतो आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडले जाते. हलका दाब दिल्यावर सांध्यातून बारीक धार वर आली तर ते चांगले लक्षण समजावे. ती तशीच पूर्ण वाळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करावी, म्हणजे बऱ्याच ठिकाणी लांबी लागतच नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, त्याची वाफ डोक्यात जाते.

जेथे फट राहतेच, तेथे किटच्याच स्प्रूचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या जवळजवळ संपलेल्या बाटलीत टाकून दाट रस करून ठेवावा आणि तो भरावा. तो वाळायला वेळ घेतो, पण वाळल्यावर मूळ प्लॅस्टिकसारखाच घासला जातो. मोटारगाड्यांच्या रंगकामातली एनसी लांबीही चालते, मात्र ती वाळताना आक्रसते, म्हणून पातळ थर देऊन दोनदा भरावी लागते. मोठ्या खड्ड्यासाठी एम-सील सर्वांत विश्वासाचे. ते आक्रसत नाही आणि ओल्या बोटाने आकार देता येतो.

जोडणीची सुरुवात चाकांपासून करावी. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा दुहेरी चाके असतात, म्हणजे एकूण चोवीस चकत्या घासाव्या लागतात. कंटाळवाणे काम आधी हातावेगळे केले की पुढचे काम हलके होते. प्रत्येक चकती दातकोरणीवर किंवा बांबूच्या काडीवर घट्ट बसवून फिरवत फिरवत तिच्या कडेवरची साच्याची रेघ काढावी. हॉर्स्टमन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये दोन-दोन चाकांची जोडी एका बोगीवर असते आणि अशा तीन बोग्या प्रत्येक बाजूला असतात. त्या लावल्यानंतर सिमेंट ओले असतानाच सगळा तळ काचेवर ठेवावा आणि बाराही जोड्या काचेला टेकतात की नाही ते डोळे काचेच्या पातळीवर आणून बघावे. एक जरी चाक अधांतरी राहिले तर पन्नास टनांचा रणगाडा खेळण्यासारखा हलका दिसतो. सेंच्युरियनचे वजन ५१ टनांच्या घरात होते, आणि ते वजन दाखवण्याची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे चाके आणि जमीन यांची भेट.

आता त्या भागाकडे येतो ज्यावर मी सर्वाधिक वेळ घालवतो आणि आपणही घालवावा असे सुचवतो, तो म्हणजे टरेटचा, तोफ बसवलेल्या फिरत्या मनोऱ्याचा, पृष्ठभाग. सेंच्युरियनचे टरेट ओतीव पोलादाचे होते आणि छपराचे पत्रे त्याला वेल्ड केलेले होते. सांगाडा मात्र सपाट पत्रे वेल्ड करून बनवलेला होता. जुन्या किटमध्ये दोन्ही सारखेच गुळगुळीत असतात आणि त्यामुळे दोन्ही प्लॅस्टिकचेच दिसतात. हा फरक परत आणला की पन्नास वर्षांपूर्वीचे किट एकदम वयात येते. त्यासाठी टरेटच्या एका बोटाएवढ्या भागावर पातळ सिमेंट लावावे, दहा-पंधरा सेकंद थांबून प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ होऊ द्यावा आणि मग जुन्या, केस आखूड कापलेल्या कडक ब्रशने सरळ खाली ठोकत जावे. ब्रश ओढायचा नाही, फक्त ठोकायचा. लगेच पाहिले तर पृष्ठभाग फार खडबडीत आणि चकचकीत दिसतो. घाबरू नये. रात्रभर वाळू द्यावे आणि १००० नंबरच्या कागदाने वरचे टोकदार उंचवटे तेवढे उतरवावेत. जे उरते ते ओतकामाच्या वाळूच्या साच्यातून निघालेल्या पोलादासारखे दिसते. सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या फाउंड्रीतले न घासलेले ओतीव काम हातात घेऊन बघितले असेल तर नेमका किती खडबडीतपणा हवा ते कळेल. मात्र १/३५ मध्ये तो खऱ्याच्या मानाने फार कमी हवा. हाताला जेमतेम लागला पाहिजे, नजरेला आपणहून दिसता कामा नये. रंगाचा आणि वॉशचा (खाचांत सोडलेल्या पातळ गडद रंगाचा) थर आला की तो आपोआप उठून येतो.

वेल्डचे काम याहून नाजूक आहे. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत धरावा. मध्यभाग लोंबू लागला की ज्योतीपासून दूर करून सावकाश ओढावा. केसासारखा धागा तयार होतो. वेल्ड असेल त्या रेषेवर हा धागा पातळ सिमेंटने बसवावा, पुन्हा एकदा वरून सिमेंट फिरवून मऊ करावा आणि गोल टोकाच्या ब्लेडने अगदी जवळजवळ तिरके ठसे उमटवत जावे. प्रत्येक ठसा मागच्या ठशावर थोडा चढलेला असावा. खरा वेल्डर जसा टाका पुढे नेतो तशीच ही नक्षी दिसते. टरेटचे छप्पर आणि भिंती यांचा सांधा आणि सांगाड्याच्या पुढच्या उतरत्या पत्र्याच्या कडा एवढ्यांवर हे केले तरी पुरे.

तोफेची नळी दोन अर्ध्या भागांची दिसते. ती जोडून, पूर्ण वाळवून, कागदाच्या अरुंद पट्टीने नळीभोवती पुढेमागे घासावी. सरळ लांबीत घासत राहिले तर नळी लंबगोल होते आणि ते कोणत्याही रंगाने झाकले जात नाही. आपल्याला लेथवर काम करणारे कोणी परिचयाचे असेल तर व्यवस्थित मापे काढून अॅल्युमिनियमची नळी टर्न करून घ्यावी, हे नाशिकमध्ये अगदी सहज होण्यासारखे आहे. पण मापे घेण्यापूर्वी आपल्याला कोणता रणगाडा करायचा आहे ते ठरवावे लागेल, कारण त्याचा संबंध नळीशी येतो.

सेंच्युरियनचे अनेक मार्क निघाले आणि आपल्या सैन्याकडचे रणगाडे प्रामुख्याने मार्क ३ नंतरचे होते. बाहेरून सर्वांत लवकर दिसणारा फरक म्हणजे नळीच्या लांबीवर असलेला धूर ओढून घेणारा फुगवटा. सुरुवातीच्या २० पौंडी तोफेच्या नळीला तो नसतो, नंतरच्या नळ्यांना असतो. पूना हॉर्सच्या रेजिमेंटने सेंच्युरियन घेऊन दोन युद्धांत जे केले ते सर्वज्ञात आहे. १९६५ मध्ये फिलोरा आणि चविंडाच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले, आणि दोघांनाही वीरमरण आले ते १६ तारखेलाच, तारापोर यांना सप्टेंबरच्या आणि खेत्रपाल यांना डिसेंबरच्या. खेत्रपालांचा ‘फामागुस्टा’ हा जेएक्स २०२ क्रमांकाचा रणगाडा पुढे दुरुस्त करण्यात आला आणि तो अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. एखादा नाव असलेला रणगाडा करायचा असेल तर त्याचीच छायाचित्रे समोर ठेवून नळी, टरेटच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या, मागची पेटी आणि बाजूचे पत्रे एकेक करून ताडून घ्यावेत. ज्या माणसाने त्या टरेटमध्ये प्राण दिला त्याच्या नावाचा रणगाडा अंदाजाने करू नये. इतका अभ्यास शक्य नसेल तर नाव न घालता त्या रेजिमेंटच्या काळातला सर्वसाधारण सेंच्युरियन करावा, त्यात काहीच कमीपणा नाही.

त्यासाठी एकदा अहिल्यानगरला अवश्य जाऊन या. तेथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. नाशिकहून सिन्नर-शिर्डी मार्गे एका दिवसात जाऊन येता येते, आणि सेंच्युरियन प्रत्यक्ष शेजारी उभे राहून पाहता येतो. झाकणांच्या बिजागऱ्या, ओतीव टरेटचा पोत, बाजूच्या पत्र्यांचे बोल्ट आणि चाकांच्या रबराच्या कडा यांचे निरीक्षण करा. रंगाचा निर्णय मात्र तेथे पाहून घेऊ नका. उघड्यावर ठेवलेली प्रदर्शनातली वाहने अधूनमधून पुन्हा रंगवली जातात आणि तो रंग युद्धकाळाचा पुरावा ठरत नाही. आकार संग्रहालयातून घ्यावा, रंग त्या वर्षांच्या छायाचित्रांवरून ठरवावा.

रंगकामाबद्दल थोडक्यात. आधी राखाडी अस्तर, तेही स्प्रूच्या तुकड्यावर चाचणी करून, कारण गाड्यांसाठीचे काही स्प्रे पॉलिस्टायरीनला खातात. मग गडद हिरवा मूळ रंग, ज्यात चार-पाच थेंब फिकट रंग मिसळलेला असावा, कारण लहान मॉडेलवर खरा गडद हिरवा काळपट दिसतो. त्यानंतर चकचकीत वार्निशचा थर, डिकॅल, वॉश आणि शेवटी मॅट वार्निश. चाकांचे रबर काळे न रंगवता गडद राखाडी रंगवावे. वॉशसाठी कलासाहित्याच्या दुकानात मिळणारा बर्न्ट अंबर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशने फक्त खाचांत सोडावा. सगळ्या मॉडेलवर फासू नये.

नाशिकच्या हवेत ऋतू पाहून काम करावे लागते. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय येते आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो. आता पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा जोडणी, घासकाम आणि पृष्ठभागाचे काम श्रावण-भाद्रपदात करावे आणि रंग दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर काढावेत.

किटमधली पिवळी डिकॅल ब्रिटिश खुणांची आहेत, त्यामुळे भारतीय रणगाड्याला ती लागणारच नाहीत. तरी फेकू नका. पारदर्शक पिशवीत घालून कडक उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवल्यास पिवळेपणा बराच उतरतो, आणि डिकॅल लावण्याचा सराव करायला ती उत्तम. जुन्या डिकॅलची फिल्म पाण्यात टाकल्यावर तुकडे होऊन सुटते, म्हणून आधी त्यांवर चकचकीत वार्निशचा एक पातळ थर द्यावा आणि नको असलेले एखादे डिकॅल टाकून पाहावे. भारतीय क्रमांक आणि नाव यांसाठी कोऱ्या डिकॅल कागदावर छपाई करता येते, मात्र साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढरी अक्षरे हवी असतील तर पांढऱ्या डिकॅल कागदावर भोवतालचा हिरवा छापण्यापेक्षा हाताने, बारीक ब्रशने लिहिणे मला जास्त पटते. त्या काळी वाहनांवरची बरीचशी अक्षरे हातानेच लिहिली जात, आणि अक्षराची किंचित कमी-जास्त जाडी खरी वाटते.

मातीबद्दल नाशिककरांना आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्याकडे बरेच जण शेतातली माती चाळून, पातळ चिकट द्रवात मिसळून पट्ट्यांना लावतात. पद्धत बरोबर आहे, पण गोदाकाठची आपली काळी माती बसाल्टपासून झालेली आहे. ती ओली असताना जवळजवळ काळी आणि वाळल्यावर गडद करडी दिसते, तिला भेगाही पडतात. बसंतर किंवा चविंडाचा प्रदेश पंजाबच्या गाळाच्या सपाटीचा आहे. तेथील माती वाळल्यावर फिकट, भुरकट पिवळसर दिसते आणि तिची धूळ पिठासारखी बसते. काळी माती लावलेला सेंच्युरियन बसंतरचा म्हणून ठेवला, तर जाणत्या माणसाला तो पहिल्याच नजरेत खोटा वाटेल. कोरडे रंगद्रव्य वापरून फिकट मातकट छटा करावी. डिसेंबरमधल्या बसंतरच्या नदीकाठासाठी खालच्या भागाला ओलसर, थोडी गडद माती आणि वर फिकट वाळलेली धूळ असा फरक ठेवावा. सप्टेंबरमधला चविंडाचा रणगाडा करायचा असेल तर बाजूच्या पत्र्यांवर आणि मागच्या भागावर धूळ जास्त हवी.

सूचनापत्राची खराब झालेली पाने मिळवणे अवघड नाही. स्केलमेट्स या संकेतस्थळावर अनेक जुन्या किटची सूचनापत्रे पाहायला मिळतात. किटचा क्रमांक खोक्याच्या बाजूला छापलेला असतो, तो शोधताना उपयोगी पडेल. फ्रीझरमधून काढून तळाचे सांधे सोडवल्यानंतर आतल्या बाजूचे एक छायाचित्र पट्टी शेजारी ठेवून काढा आणि पाठवा. मोटारीच्या भोकांचा आकार पाहून ठिगळासाठी किती जाडीचे प्लॅस्टिक लागेल आणि पाटाचा नट कोणत्या भोकात बसवावा ते कळवतो.